नैराश्याचा उपचार आणि नोंदवहीतील रिकामा रकाना

बाजाराच्या दिवशी हिंगोली जिल्ह्यातील कोणत्याही प्राथमिक आरोग्य केंद्राच्या ओसरीत तासभर बसून पाहावे. केसपेपरासाठी रांग लागलेली असते आणि त्या रांगेत चाळिशीची एखादी बाई अशी असते की, आपल्याला नेमके काय होते हे तिला सांगता येत नाही. अंग दुखते, डोके जड राहते, हातापायांना मुंग्या येतात, रात्री दोनला जाग येते ती पुन्हा डोळा लागत नाही, घास गोड लागत नाही. वैद्यकीय अधिकाऱ्याच्या टेबलापुढे तिच्या वाट्याला दोन-तीन मिनिटे येतात. रक्तदाब पाहिला जातो, अंगदुखीच्या आणि ताकदीच्या गोळ्या लिहिल्या जातात, फार तर सलाईन लावले जाते. चार दिवस बरे वाटते. पंधरवड्याने ती पुन्हा त्याच रांगेत दिसते. तिसऱ्या खेपेनंतर मात्र ती येत नाही. आणि ती का आली नाही, हे विचारणारे त्या यंत्रणेत कोणी नसते.

या बाईला जो आजार असण्याचा दाट संभव आहे त्याला वैद्यकशास्त्र नैराश्य म्हणते. तो शरीराच्या तक्रारी घेऊन येतो ही गोष्ट काही नवी नाही. भगवद्गीतेच्या पहिल्या अध्यायाला ‘अर्जुनविषादयोग’ असे नाव आहे, आणि तेथेही अर्जुन प्रथम सांगतो ते अंगाला कंप सुटल्याचे, तोंडाला कोरड पडल्याचे, उभे राहवत नसल्याचे. मनाचे दुखणे शरीराच्या भाषेत बोलते हे आपल्या परंपरेला ठाऊक होते. ते ओळखण्याची आणि ओळखल्यावर त्याचा शेवटपर्यंत पाठपुरावा करण्याची व्यवस्था मात्र आपल्या आरोग्य केंद्रांत अजून नीट बसलेली नाही. ही व्यवस्था उभी करता येते का, आणि हिंगोलीसारख्या जिल्ह्यात, आहे त्या माणसांच्या बळावर ती उभी करता येईल का, हा या लेखाचा विषय आहे.

आकड्यांचा साधा हिशेब

परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, वसमत आणि औंढा नागनाथ हे त्याचे पाच तालुके. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ११,७७,३४५. त्यांतील बहुसंख्य खेड्यांत राहणारी आणि सोयाबीन, कापूस, तूर, हळद यांच्यावर पोट असलेली. पाऊस चुकला तरी नुकसान आणि फार झाला तरी नुकसान, असा हा मुलूख आहे. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत मराठवाड्याने याचा पुन्हा एकदा अनुभव घेतला.

नैराश्याचे प्रमाण किती, याविषयी सर्वांत सावध आकडा राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाचा आहे. २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत झालेल्या या पाहणीत महाराष्ट्राचा समावेश नव्हता. पण देशपातळीवर प्रौढांपैकी २.७ टक्के लोक त्या वेळी नैराश्याने आजारी असल्याचे तीत आढळले, आणि अशा पाचांतील चार जणांना काहीच उपचार मिळत नव्हते. हेच प्रमाण आपल्याकडे लावले आणि जिल्ह्यातील प्रौढ केवळ सात लाख धरले, तरी आजारी माणसे अठरा-एकोणीस हजारांच्या घरात जातात. या प्रत्येकाला महिन्यातून एकदा वीस मिनिटे मनोविकारतज्ज्ञाने द्यावयाची म्हटली, तर महिन्याला सहा हजारांहून अधिक तास लागतील. एक तज्ज्ञ रोज सहा तास, महिन्याचे पंचवीस दिवस बसला तरी दीडशे तास भरतात. म्हणजे एकट्या नैराश्यासाठी, एकट्या हिंगोलीला, चाळीसहून अधिक तज्ज्ञ हवेत! भारतात लाख लोकसंख्येमागे मनोविकारतज्ज्ञांचे प्रमाण पाऊण इतके आहे, आणि तेही मोठ्या शहरांत एकवटलेले. राज्याची जुनी चार शासकीय मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे आहेत. मराठवाड्यात त्यांपैकी एकही नाही. हिंगोलीला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळाले ते २०२४ मध्ये. त्यातून डॉक्टर तयार होऊन बाहेर पडण्यास अजून वर्षे जावयाची आहेत.

तात्पर्य, तज्ज्ञांची संख्या वाढेल तेव्हा उपचार पोहोचतील असे म्हणून थांबणे, हे विहिरीला पाणी लागेपर्यंत तहानेल्याला बसवून ठेवण्यासारखे आहे.

एकट्या डॉक्टरवर टाकलेले ओझे

हा विचार आपल्या देशाला पन्नास वर्षांपूर्वीच सुचला होता. १९७० च्या दशकात बंगळूरजवळच्या सकलवाडा येथे आणि हरियाणातील रायपूर राणी येथे प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या कर्मचाऱ्यांना मानसिक आजार ओळखण्याचे शिक्षण देऊन पाहण्यात आले. १९७८ मध्ये आल्मा आटा येथील परिषदेने प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा काढला. १९८२ मध्ये भारताने राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम स्वीकारला. पुढे कर्नाटकातील बळ्ळारी जिल्ह्याच्या अनुभवावरून १९९६ मध्ये जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. म्हणजे कागदावर आपण मागे नव्हतो.

मग अडले कोठे? या सर्व योजनांचा मुख्य भर प्राथमिक केंद्रातील डॉक्टरला प्रशिक्षण देण्यावर राहिला. काही दिवसांचे शिबिर, एक पुस्तिका, औषधांचा साठा, आणि मग अपेक्षा अशी की, तोच डॉक्टर लसीकरण, बाळंतपण, साथीचे रोग, शवविच्छेदन, न्यायालयातील साक्ष आणि मासिक अहवाल हे सारे सांभाळून नैराश्याचे निदान करील, रुग्णाशी अर्धा तास बोलेल आणि तो पुन्हा न आल्यास त्याचा शोध घेईल. ज्ञान वाढवून वेळ वाढत नाही. शहाणा झालेला डॉक्टरही शंभर रुग्णांच्या रांगेपुढे तीन मिनिटांचाच डॉक्टर राहतो.

पाश्चात्त्य देशांतही हाच अनुभव आला. अमेरिकेत वेन कॅटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिएटल येथे १९९५ मध्ये, आणि युर्गन उन्युट्झर यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत, वेगळा मार्ग चाचणीला लावला. त्यांनी उपचाराची घटकच बदलली. डॉक्टरच्या जागी चमू आणला. २००२ च्या अभ्यासात पाच राज्यांतील अठरा दवाखान्यांतले साठीपुढचे १,८०१ रुग्ण होते. नेहमीच्या पद्धतीत वर्षभरानंतर शंभरांतील १९ रुग्णांची लक्षणे निम्म्याने किंवा त्याहून अधिक कमी झाली. चमूच्या देखरेखीखाली ती ४५ जणांची झाली. दोन्हीकडे गोळ्या त्याच उपलब्ध होत्या, आणि डॉक्टरही त्याच दवाखान्यांतले होते. २०१२ मध्ये अशा ७९ चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हाही निष्कर्ष याच दिशेचा निघाला.

या पद्धतीचे सार चार गोष्टींत सांगता येते. एक, आजार अंदाजाने न ठरवता ठरावीक प्रश्नांनी मोजावयाचा. नऊ प्रश्नांची एक पत्रिका यासाठी जगभर वापरतात; गेल्या दोन आठवड्यांत कशातच रस वाटला नाही का, झोप कशी होती, जिवाचे बरेवाईट करावेसे वाटले का, अशी विचारणा करून तीत शून्य ते सत्तावीस गुण देतात. दोन, प्रत्येक रुग्ण कोणा एका समुपदेशकाच्या नावावर असावयाचा आणि तो न आल्यास समुपदेशकाने त्याला गाठावयाचे. तीन, मनोविकारतज्ज्ञाने आठवड्यातून एकदा समुपदेशकासह नोंदवही उघडून, ज्यांचे गुण खाली येत नाहीत त्यांच्याविषयी सल्ला द्यावयाचा. चार, गुण उतरले नाहीत तर उपचार बदलावयाचा. आधी संभाषण, मग गोळी, मग तज्ज्ञाची भेट, अशी पायरीपायरीने वाढ करावयाची. रक्तदाबाच्या रुग्णाचा दाब न मोजता वर्षभर एकच गोळी चालू ठेवणे आपण गैर मानतो. नैराश्याच्या बाबतीत ते नेमके तसेच चालते.

गोव्याचा दाखला

अमेरिकेत साधले ते आपल्याकडे साधेलच असे नाही, ही शंका रास्त आहे. तिचे उत्तर शेजारच्या गोव्यात मिळाले. तेथील ‘संगत’ ही संस्था आणि मनोविकारतज्ज्ञ विक्रम पटेल यांनी केलेली ‘मानस’ नावाची चाचणी २०१० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. बारा शासकीय प्राथमिक केंद्रे आणि बारा खाजगी दवाखाने, एकूण २,७९६ रुग्ण, असा तिचा पसारा होता. चमू तिघांचा: केंद्रातील डॉक्टर, स्थानिक समुपदेशक, आणि अधूनमधून येणारा मनोविकारतज्ज्ञ. समुपदेशक या त्याच भागातील, मानसोपचाराचे कोणतेही पूर्वशिक्षण नसलेल्या स्त्रिया होत्या; त्यांना थोड्या अवधीचे प्रशिक्षण देऊन कामावर घेतले होते.

सहा महिन्यांनंतर शासकीय केंद्रांत चमूच्या देखरेखीखालील ६५.९ टक्के रुग्ण बरे झालेले आढळले. जेथे चमू नव्हता तेथे हे प्रमाण ४२.५ टक्के होते. खाजगी दवाखान्यांत मात्र दोन्हींत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. ही दुसरी बाब पहिलीइतकीच बोलकी आहे. खाजगी डॉक्टर रुग्णाला ओळखतो, त्याच्या घरचे विचारतो, तोच डॉक्टर पुढल्या खेपेसही भेटतो. म्हणजे चमू जे नव्याने देतो, त्यातील बराचसा भाग तेथे आधीपासूनच होता. शासकीय केंद्रात मात्र डॉक्टर बदलतो, रांग लांब असते, ओळख होत नाही; तेथे समुपदेशकाने ही पोकळी भरून काढली. गरीब माणूस ज्या दारात जातो, त्याच दारात या पद्धतीचा लाभ सर्वाधिक दिसला. तिच्या खर्चाचा हिशेब २०१२ मध्ये मांडला गेला तेव्हा शासकीय केंद्रांपुरती ती परवडणारीच ठरली.

पुढे २०१७ मध्ये त्याच संस्थेने गोव्यातील दहा केंद्रांत केलेल्या दुसऱ्या चाचणीचे निष्कर्ष आले. येथे मध्यम ते तीव्र नैराश्याच्या ४९३ रुग्णांपैकी निम्म्यांना समुपदेशकांनी सहा ते आठ बैठकांचा उपचार दिला. त्यातील विचार कोणाही शिक्षकाला पटेल असा साधा आहे. नैराश्यात माणूस एकेक काम सोडतो; काम सुटले की आनंदाचे आणि भेटीगाठींचे प्रसंग कमी होतात, आणि त्यामुळे उदासी आणखी वाढते. मन लागले की काम करू, असे म्हणत बसल्यास मन कधीच लागत नाही. म्हणून रुग्णाबरोबर बसून, त्याला जमेल असे लहानसे काम ठरवावयाचे: सकाळी परसात पाणी घालणे, सोडलेल्या भजनी मंडळात एकदा जाऊन बसणे, बहिणीला फोन करणे. पुढल्या बैठकीत ते झाले का ते पाहावयाचे, आणि न झाल्यास अडचण कोठे आली त्यावर बोलावयाचे. तीन महिन्यांनी या रुग्णांपैकी ६४ टक्के आजारातून बाहेर आले होते. नेहमीच्या उपचारावरील रुग्णांत हे प्रमाण ३९ टक्के होते. वर्षभरानंतरही हा लाभ टिकून होता.

येथे हेही ध्यानात घ्यावे की, उत्तम चाचणीतसुद्धा शंभरांतील पस्तीस जण बरे झाले नव्हते. त्यांच्यासाठी पुढची पायरी लागते: औषध, आणि तरीही न भागल्यास तज्ज्ञ. फ्लुओक्सेटिन, एस्सिटालोप्राम, अमिट्रिप्टिलिन ही औषधे राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. त्यांचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि बरे वाटल्यावरही ती काही महिने चालू ठेवावी लागतात. नेमके हेच रुग्णाला कोणी समजावून सांगत नाही. आठ दिवसांत उतार पडला नाही म्हणून तो गोळी सोडतो, किंवा महिन्याने बरे वाटले म्हणून सोडतो. घरी जाऊन वा फोन करून ‘गोळी चालू आहे ना?’ असे विचारणारे माणूस, हा या उपचाराचा निम्मा भाग आहे.

विदर्भातून हिंगोलीकडे

गोवा लहान, सुशिक्षित आणि तुलनेने सधन. आपल्या प्रश्नाला जवळचा दाखला अमरावती जिल्ह्याचा आहे. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी पोळलेल्या त्या जिल्ह्यातील तीस खेड्यांत ‘विश्राम’ नावाचा कार्यक्रम राबविण्यात आला आणि त्याचे मूल्यमापन २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. गावपातळीवरील कार्यकर्ते, त्यांच्यावर समुपदेशक, आणि त्यांच्या पाठीशी मनोविकारतज्ज्ञ अशी त्याची रचना होती. दीड वर्षात, नैराश्य असलेल्यांपैकी उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. आत्महत्येचे विचार मनात येणाऱ्यांचे प्रमाण ५.२ वरून २.५ टक्क्यांवर आले. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, म्हणून हे सारे श्रेय कार्यक्रमाचेच असे ठामपणे म्हणता येत नाही. परंतु वऱ्हाडातील शेतकरी मनाच्या दुखण्यासाठी कोणाकडे जाणारच नाही, हा समज मात्र या अनुभवाने खोटा ठरवला.

महाराष्ट्र शासनानेही २०१५ मध्ये ‘प्रेरणा’ प्रकल्प सुरू केला. मराठवाड्याचे आठही आणि विदर्भाचे सहा, अशा चौदा जिल्ह्यांची त्यासाठी निवड झाली आणि त्यांत हिंगोली होती. आशा कार्यकर्तीने घरोघरी जाऊन प्रश्न विचारावेत, ताणाखाली असलेली माणसे हेरावीत आणि त्यांना जिल्हा रुग्णालयातील मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि समाजसेवा अधीक्षकांपर्यंत पोहोचवावे, असा त्याचा मूळ आराखडा. त्यात चमूची कल्पना होती, हे मान्य करावयास हवे. दरम्यान आरोग्य केंद्रांतील रक्तदाब-मधुमेहाच्या तपासणीसाठी आशा जो तक्ता भरते, त्यातही नैराश्याविषयीचे दोन प्रश्न आले आहेत.

म्हणजे विचारण्याची सोय झाली. प्रश्न विचारल्यानंतरचा आहे. सर्वेक्षणावर आधारलेल्या कोणत्याही कार्यक्रमाला एक मोह पडतो: किती घरे झाली, किती तक्ते भरले, किती जणांना ‘पुढे पाठविले’, यांची बेरीज वर पाठवून समाधान मानण्याचा. कचेरीत काम करणाऱ्या वाचकांना हे सांगावयास नको. जो रकाना तक्त्यात असतो तो भरला जातो. जो नसतो त्याविषयी कोणी विचारीत नाही. ‘पुढे पाठविले’ या रकान्यानंतर ‘पोहोचला का’, ‘दुसऱ्यांदा आला का’, ‘तीन महिन्यांनी गुण किती’ हे रकाने नसतील, तर सेनगावच्या टोकाच्या गावातील एक माणूस हिंगोलीच्या एस.टी.त बसला की नाही, हे कोणालाही कळावयाचे नाही.

याउलट क्षयरोगाची नोंदवही पाहावी. त्या कार्यक्रमाने एक शिस्त लावली: नाव नोंदलेल्या प्रत्येक रुग्णापुढे, तो बरा झाला, उपचार पूर्ण केला, सोडून गेला की दगावला, यांपैकी एक शेरा पडल्याखेरीज पान मिटत नाही. क्षयाच्या गोळीला जी शिस्त आपण लावू शकलो, ती उदासीच्या उपचाराला लावता येणार नाही असे मानण्याचे कारण नाही. सांघिक उपचाराच्या साऱ्या चाचण्यांतील मर्म हेच आहे. चमू म्हणजे चार पदांची यादी नव्हे. एका नोंदवहीवर चौघांची नजर असणे, हे चमूचे लक्षण.

माणसे कोठून आणावयाची?

आता वेळेचा हिशेब पुन्हा मांडू. मैदानी भागात तीस हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि पाच हजारांमागे एक उपकेंद्र, असा निकष आहे. म्हणजे एका केंद्राखाली सहा उपकेंद्रे. तीस हजारांत प्रौढ अठरा हजार धरले, तर नैराश्याचे रुग्ण पाचशेच्या आत येतात. त्यांतील चौथा हिस्सा उपचाराला आला, आणि विदर्भाने तेवढे घडू शकते हे दाखविले आहे, तर वर्षाला सुमारे एकशेवीस रुग्ण होतात. प्रत्येकी सात बैठका, चाळीस मिनिटांच्या, म्हणजे वर्षाला ५६० तास. आठवड्याला अकरा-बारा तास. आयुष्मान आरोग्य मंदिर हे नाव मिळालेल्या उपकेंद्रांत समुदाय आरोग्य अधिकाऱ्याचे पद निर्माण झाले आहे. सहा उपकेंद्रांतील सहा अधिकाऱ्यांनी हे काम वाटून घेतले, तर प्रत्येकाच्या वाट्याला आठवड्याचे दोन तास येतात. मनोविकारतज्ज्ञाने एका केंद्राच्या नोंदवहीसाठी पंधरवड्यातून एक तास, प्रवास न करता फोनवर दिला तरी चालेल. चाळीस तज्ज्ञांची गरज अशा रीतीने एक-दोन तज्ज्ञांच्या आवाक्यात येते. मग जिल्हा रुग्णालयातील तज्ज्ञ खरोखर कठीण रुग्णांसाठी मोकळा राहतो.

हे सहज होईल असे मात्र नाही. आशा कार्यकर्तीवर आधीच कामांचे डोंगर आहेत. कामागणिक मोबदला आणि तोही वेळेवर नाही, या तक्रारीसाठी २०२३ मध्ये त्यांना राज्यभर संप करावा लागला. तिच्या डोक्यावर आणखी एक तक्ता फुकट ठेवणे अन्यायाचे होईल, आणि निरुपयोगीही. तिचे काम रुग्ण हेरून केंद्रापर्यंत आणणे आणि तो येईनासा झाल्यास विचारपूस करणे, एवढेच ठेवावे. आणि त्याचे दाम ठरवावे. तिने सखोल विचारपूस न करण्यामागे दुसरेही कारण आहे. आशा गावचीच असते; ती कोणाची भावजय तर कोणाची शेजारीण. ‘मला जगावेसे वाटत नाही’ हे वाक्य स्वतःच्या गल्लीत उच्चारणे फार कठीण असते. म्हणून बैठक उपकेंद्रात, बंद दाराआड आणि रक्तदाब-साखर तपासण्याच्या दिवशीच व्हावी. म्हणजे कोण कशासाठी आले याची चर्चा होणार नाही.

पुरुषांचा प्रश्न निराळा. सकाळच्या बाह्यरुग्ण विभागात स्त्रिया आणि मुले अधिक. कर्ता पुरुष तेथे क्वचित दिसतो. तो दिसतो कृषी सेवा केंद्रात, सोसायटीच्या कचेरीत, वसमतच्या हळदीच्या लिलावात. त्याच्यापर्यंत पोहोचावयाचे तर आरोग्य खात्याला स्वतःचे आवार सोडून जावे लागेल.

‘कर्जावर गोळी देणार काय?’

सर्वांत गंभीर आक्षेप वेगळाच आहे. शेतकऱ्याचे दुःख कर्जाचे, भावाचे, पावसाचे. त्याला आजार म्हणणे आणि समुपदेशक पाठविणे, ही मूळ प्रश्नाला दिलेली बगल आहे, असे अनेक विचारवंत म्हणतात. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकड्यांप्रमाणे २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्या झाल्या; त्यांतील २२,७४६ महाराष्ट्रात, म्हणजे सर्व राज्यांत अधिक. शेतीवर जगणाऱ्या ११,२९० मृतांपैकीही तिसऱ्या हिश्श्याहून अधिक आपल्या राज्यातील होते. या आकड्यांमागे शेतमालाचे भाव आणि सावकारी आहे, हे नाकारणारा माणूस आंधळाच म्हणावा लागेल. पीकविमा, हमीभाव आणि पतपुरवठा यांचे काम समुपदेशक करू शकत नाही, आणि कोणा शासनाने तसे भासवू नये.

पण दोन गोष्टी विसरता कामा नयेत. कर्ज असलेल्या शेकडो शेतकऱ्यांपैकी काहींनाच नैराश्य येते, आणि ते आले की कर्जाशी झुंजण्याची शक्तीच निघून जाते. अर्ज भरणे, बँकेत जाणे, दुबार पेरणीचा निर्णय घेणे, हे सारे त्याला डोंगराएवढे वाटू लागते. उपचाराने कर्ज फिटत नाही. पण कर्ज फेडण्यासाठी जो माणूस उभा राहावयाचा तो उभा राहतो. दुसरे असे की, या आजारात स्त्रियांचे प्रमाण अधिक आहे. आत्महत्येनंतर मागे राहिलेली विधवा, दारूच्या आहारी गेलेल्या नवऱ्याची बायको, बाळंतपणानंतर खचलेली मुलगी, यांची नोंद कोणत्याही मदत-प्रस्तावात होत नाही. त्यांना न्याय मिळेल तेव्हा मिळो. झोप आजच मिळावयास हवी.

कायदा या बाबतीत समाजाच्या पुढे गेला आहे. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा मे २०१८ पासून लागू झाला. त्याने शासकीय यंत्रणेकडून मानसिक उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क ठरविला आणि आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता, असे गृहीत धरण्यास सांगितले. अशा प्रयत्नाला गुन्हा ठरविणारे जुन्या दंड संहितेतील ३०९ वे कलम जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेत घेतलेले नाही. तरीही पोलिसांच्या भीतीने घरचे लोक अजून गोष्ट दडवितात, आणि वाचलेला माणूस उपचारावाचून राहतो. ही भीती घालविण्याचे काम परिपत्रकाने होत नाही.

तीन मागण्या

ते काम कोणाचे, हे सांगून हा लेख संपवावा. जिल्हा परिषदेच्या आरोग्य समितीपुढे मांडण्यासारख्या मागण्या तीनच आहेत. प्रत्येक प्राथमिक केंद्रात नैराश्याच्या रुग्णांची स्वतंत्र नोंदवही असावी आणि तीत पहिले गुण, तीन महिन्यांनंतरचे गुण व अखेरचा शेरा हे रकाने असावेत. या नोंदवहीवर तज्ज्ञाशी पंधरवड्याला ठरलेल्या वेळी चर्चा व्हावी. आणि जिल्ह्याच्या आढावा बैठकीत ‘किती तपासले’ याऐवजी ‘किती बरे झाले’ हा प्रश्न आधी विचारला जावा. यासाठी नवी इमारत लागत नाही, निविदा काढावी लागत नाही. कदाचित म्हणूनच याकडे कोणाचे लक्ष जात नसावे.

नगर जिल्ह्यातील जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने १९७० पासून, शाळेचे तोंडही न पाहिलेल्या ग्रामीण स्त्रियांना आरोग्यसेविका बनवून दाखविले, तेव्हा वैद्यकीय जगाने भुवया उंचावल्या होत्या. डॉक्टरचे काम वाटून दिल्याने ते हलके होत नाही, उलट पोहोचते, हा धडा महाराष्ट्रानेच जगाला दिला. तो मनाच्या आजाराला लावावयाचा राहिला आहे.

आणि गावातील शिक्षक, ग्रामसेवक, महाविद्यालयात जाणारी मुले यांच्याकडेही एक काम येते. जो विद्यार्थी एकाएकी मागच्या बाकावर जाऊन बसू लागला, जो सहकारी जेवणाच्या सुटीत टेबलावर डोके ठेवून पडतो, जो शेजारी महिनाभर पारावर आला नाही, त्याला सर्वांत आधी आपणच पाहतो. उपदेश करण्याची गरज नाही. ‘मन खंबीर कर’ हे तर म्हणूच नये. शेजारी बसावे, विचारावे, ऐकून घ्यावे, आणि त्याच्याबरोबर आरोग्य केंद्रापर्यंत चालत जावे. केंद्र सरकारची ‘टेली मानस’ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. तिचा क्रमांक १४४१६. तो शाळेच्या आणि कचेरीच्या फलकावर लिहिलेला असावा.

बाजाराच्या दिवशी रांगेत उभी असलेली ती बाई तिसऱ्या खेपेनंतर आली नाही. तिचे नाव कोणत्यातरी वहीत लिहिलेले असावे, आणि त्या नावापुढचा रकाना रिकामा पाहून कोणीतरी तिच्या घरी जावे, एवढीच या साऱ्या शास्त्राची मागणी आहे.